विचारल्याशिवाय न सांगणारे मेश्राम मामा

मेश्राम मामा विचारल्याशिवाय काही म्हणजे काही सांगत नाहीत. माझ्या खुर्चीचा पाय मोडका आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी मी धपकन खाली! "मामा, सांगायचं ना!" तर चष्मा पुसत म्हणतात, "तू इचारलं का?"

भंडाऱ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आम्ही दोघं एका खोलीत बसतो. मामा अड्याळहून एसटीनं येतात आणि वीस वर्षांपासून एकच काम करतात. काळ्या स्क्रीनवरचा जुना प्रोग्राम एकेक प्रश्न विचारतो: नाव? वय? गाव? घरी आणखी कोण? मामा उत्तरं टाइप करतात, पेशंटचं कार्ड निघतं. आता काउंटरवरच्या वेबपेजमध्ये माहिती भरली की मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामनं, म्हणजे स्क्रिप्टनं, ती उत्तरं आपोआप द्यायची होती. सोमवारपर्यंत चाललं नाही तर माझं कंत्राट संपलं, असं डॉक्टरसाहेबांनी तोंडावर सांगितलेलं.

त्यात मामा मधेच दहा दिवस रजेवर गेले होते. अर्जात कारण 'घरचे काम'. जुन्या प्रोग्रामचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात, फोन बंद. आले तसं मी दारातच गाठलं, "मामा, पासवर्ड?"

मामांनी कागदावर लिहून दिला.

"जायच्या आधी द्यायले काय झालं होतं?"

"तू इचारलं होतं का?"

डोकं फिरतं हो!

शुक्रवारी स्क्रिप्ट चालवली, तर एका बाईचं नाव आलं पंचेचाळीस आणि वय सानगडी, म्हणजे तिचं गाव. तीनदा तेच. मामा शेजारी शेंगदाणे खात बघत होते. शेवटी हात जोडून विचारलं, "मामा, तुम्हाले कळते का काय चुकून राहिलं?"

"कळते ना. प्रोग्रामनं इचाराच्या आधीच तू बोलून राहिली. पहिलं उत्तर हवेत गेलं. त्याले इचारू तं दे, मंग सांग. वयाच्या नंतर थो जरासा थांबते."

स्क्रिप्टला प्रत्येक प्रश्नाची वाट पाहायला लावलं. आता एक खरं कार्ड काढून बघायचं होतं.

"मामा, तुमचंच काढू. नाव?"

"उत्तम मेश्राम."

"वय?"

"सत्तावन्न."

"गाव?"

"अड्याळ."

"घरी आणखी कोण?"

मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बोला ना मामा, माझा सोमवार जवळ आला! मामीचं नाव सांगा."

"नाही आता कोणी. धान निसवले तवा गेली."

धानाला लोंब्या आल्या तेव्हा, म्हणजे तीच ती दहा दिवसांची रजा. बायकोला पोचवून आलेल्या माणसाला मी दारात पासवर्ड मागितला होता. लाज वाटली मला स्वतःची.

"मामा, सांगितलं काहून नाही?"

आता ते नेहमीचंच येणार, म्हणून मी मान खाली घातली.

"आता इचारलं ना," मामा म्हणाले.

मी स्क्रिप्ट बंद केली आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "काय झालं होतं मामीले?"

मामा सांगू लागले. अड्याळची साडेपाचची एसटी निघून गेली, तरी सांगत होते.