उमरेडकरांचा शेवटचा बोल

फुटबॉल बघायला बोलावलेल्या घरी मी एकदा गंगाजळ घेऊन गेले होते. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अगदीच अल्लड. कॅनडातल्या विंडसरला मुलाकडे नुकतीच आलेली. शेजारच्या उमरेडकरांचा फोन आला, "वहिनी, आज शेवटचा बोल आहे जी. या सगळे." विधुर माणूस, बाहेर हाडं गोठवणारी थंडी; मी म्हटलं, आटोपलं. तुळशीचं पान मुठीत धरून, नातवाचे स्नोबूट चढवून धावले. तर हे सोफ्यावर चिवडा खात बसलेले.

"अमेरिकेत मोठ्या मॅचला बोल म्हणते, वहिनी. बसा. पण हे तोंडात काय घालून राहिल्या माझ्या?"

नदीपलीकडे अमेरिका, आणि तिथलं कॉलेज फुटबॉल हा उमरेडकरांचा धर्म. चॅम्पियन कसा ठरवतात, हे त्यांचं दुखणं. तेव्हा मतं आणि कॉम्प्युटर मिळून दोनच टीम निवडत आणि त्यांच्यात शेवटची मॅच होई. बाकीच्या घरी. "काहून? कॉम्प्युटरनं कधी बॉल धरला का? चार टीम घ्या, सेमीफायनल लावा. मैदानात दाखवा ना बाप्पा."

हे ते कुठंही म्हणत. मंडळाच्या गणपतीत पुरणपोळीची स्पर्धा झाली. परीक्षकांनी चव बघून नंबर लावले, मी तिसरी. उमरेडकर उठले, "तिसरीला मैदानच नाही भेटलं." आम्हा चौघींना पुन्हा पुरण वाटायला लावलं. मी सेमीफायनल हरले, मग तिसऱ्या नंबराची मॅचही हरले. न खेळता तिसरी होते, खेळून चौथी आले.

"पण मैदानात हरल्या," ते अभिमानानं म्हणाले.

त्यांच्याशी वाद घालायला एकच माणूस टिकायचा, त्यांचा टेक्ससमधला मुलगा निखिल. तो कॉम्प्युटरच्या बाजूचा. दर रविवारी फोन, स्पीकरवर.

"बाबा, यू आर बीइंग इमोशनल. नंबर्स बघा."

"तुझे नंबर ठेव तुझ्या गॅरेजमध्ये."

तासभर हेच. जेवलास का, बरा आहेस का, असलं एक अक्षर नाही. फोन ठेवला की उमरेडकर लालबुंद होऊन आमच्याकडे यायचे आणि दोन कप चहा घ्यायचे. इतका खूश माणूस मी रविवारी दुसरा पाहिला नाही.

दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात बातमी आली. चार टीम, सेमीफायनल, सगळं उमरेडकर म्हणत होते तसंच होणार. मी शिरा करून अभिनंदनाला गेले. ते गॅरेजमध्ये विंटर टायरच्या चळतीवर बसले होते. शिऱ्याला हात लावेनात.

"निखिलचा फोन आला की नाही?"

"आला. म्हणाला, बाबा, यू वर राइट. ठेवून दिला."

"मग बरं झालं की भाऊजी. भांडण मिटलं." माझं वय वाढलं होतं, अक्कल साठीतच थांबलेली.

ते शिऱ्यातले बेदाणे मोजू लागले. मग हळूच म्हणाले,

"वहिनी, चारानं काय होते? पाचव्यावर अन्याय नाही का? आठ टीम पाहिजे म्हटलं, तर भांडेल का जी तो?"