पुष्टीराज आणि सहा शेळ्या

कोंडाबाई टेम्पोत चढायला तयार नव्हती. म्हणजे चढायला तयार होती, पण शेळीसकट.

"शेळी न्हाई तर मी बी न्हाई," ती म्हणाली आणि शेळीच्या दाव्याचे दोन वेढे तिनं मनगटाला दिले. तिच्यामागं उभ्या असलेल्या पाच बायांनीही आपापल्या शेळ्या पुढं ओढल्या.

रामकिशननं घड्याळ बघितलं. साडेनऊ. अकरा वाजता लातुरात आहारविज्ञान परिषदेची जिल्हा शाखा 'पुष्टीराज' नावाच्या पौष्टिक पावडरीच्या डब्याला प्रमाणपत्र देणार होती. सहा महिने कवठ्याच्या वाडीतल्या सहा लेकरांना हा डबा फुकट दिला होता आणि लेकरांची वजनं सरासरी दोन किलोनं वाढली होती. सहा लेकरं! एवढ्यावर अख्ख्या जिल्ह्याचं शास्त्र ठरणार होतं. ती लेकरं आणि त्यांच्या घरच्या बाया व्यासपीठावर उभ्या करायच्या, हे रामकिशनचं काम.

आणि कामापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शाखाप्रमुख डॉक्टर बसलिंगप्पांच्या खिशातलं पत्र. रामकिशन मुदखेडचा, रेल्वेतल्या गँगमनचा पोरगा, नांदेडला बी.एस्सी. झालेला. परिषदेत दोन वर्षं हंगामी. बायको लेकरू घेऊन भोकरला माहेरी बसली होती. पक्का झालो की आणतो, असं तो प्रत्येक पोळ्याला आणि प्रत्येक दिवाळीला सांगत आला होता. लातूर जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून फुटून चार वर्षं झाली होती. पाट्या रंगवून झाल्या, खुर्च्या आल्या, फक्त पाणी आलं नव्हतं. त्या नव्या जिल्ह्यात परिषदेचं कायमचं केंद्र निघणार, त्यात रामकिशनची नेमणूक, आणि ते पत्र आज कार्यक्रमानंतर हातात पडणार. टाइप झालेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"कोंडाबाई, शेळीचं तिथं काय काम?"

"लेकराला दुपारी दूध लागतंय. का तुमचा डाक्टर पाजनार हाय?"

"अवो, पण लेकरं पुष्टीराज पितेत ना? सकाळ-संध्याकाळ दोन चमचे?"

बायांनी एकमेकींकडं बघितलं. सगळ्यांत थोरली नागुबाई पुढं आली. "बस बाबा जरासक."

"मी उभाच बरा. सांगा."

"पयल्या आठवड्यात दिला की लेकरायला. समद्यायला जुलाब. सहा लेकरं ढाळायलीत आन् रांजणात तांब्याभर पानी न्हाई. धुवावं कशानं? टाकून द्यावं तर जिवावर आलं. मंग ठिवलं शेळीम्होरं. बाभळीच्या शेंगा खाऊन बेजार झालती बिचारी. डबा चाटून आरसा केला तिनं. आठ दिसात दुधाला आली."

"आणि दूध?"

"लेकरायला. मंग काय डाक्टरला?"

रामकिशन आता खालीच बसला. सहा महिने दर शनिवारी त्यानं लेकरांना काट्याच्या झोळीत बसवलं होतं. एक आकडा खोटा लिहिला नव्हता. पण परिषदेच्या फॉर्मात 'डबा संपला का?' असा रकाना होता. 'कुणी संपवला?' असा रकाना नव्हता.

"मला आधी काहून न्हाई सांगितलं, मावशी?"

"सांगितलं आसतं तर डबे बंद. डबे बंद तर शेळी आटली. शेळी आटली तर लेकरू. आता तूच शिकलेला हायस, सांग आमचं काय चुकलं?"

रामकिशननं पुन्हा घड्याळ बघितलं. "तिथं कुणी विचारलं तर काय म्हणाल?"

"डबा संपला म्हनू. खोटं हाय का?"

टेम्पो निघाला. सहा बाया, सहा लेकरं, सहा शेळ्या आणि एक बी.एस्सी.

नव्याकोऱ्या मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. फलकावर 'पुष्टीराज' चार हात लांब आणि परिषदेचं नाव औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेएवढं. चाळीस आहारतज्ज्ञ खुर्च्यांवर बसले होते. त्यांच्या पिशव्या डबा बनवणाऱ्या कंपनीच्या, पेनं कंपनीची, दुपारचं जेवण कंपनीचं. जेवणात पुरी, बासुंदी, दोन भाज्या. पुष्टीराज कुणाच्याच ताटात नव्हता. तो लेकरांसाठी. व्यासपीठावर डब्यांचा माणसाएवढा मनोरा रचला होता आणि त्याच्या सावलीत कंपनीचे मॅनेजर गुप्ते चमचा पुसत उभे होते.

"या, या! आमची बाळं आली का?" गुप्ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष दाराबाहेर गेलं. "ह्या शेळ्या कोणाच्या?"

"बाळांना सोडून त्यांना राहवत नव्हतं," रामकिशन म्हणाला.

"हं. बाहेरच बांधा. टंचाईचं काम बघणारे साहेब येतायत. आज प्रमाणपत्र झालं की सोमवारपासून जिल्ह्यातल्या सगळ्या बालवाड्यांना हाच डबा. आठ हजार डबे गोदामात तयार आहेत. सध्याची सरकारी सुकडी बंद!"

रामकिशननं दावी हातात घेतली. सगळ्या बालवाड्या. म्हणजे ज्या गावात शेळी नाही, पाणी नाही, तिथंही. त्यानं शेळ्या बाहेरच्या लोखंडी कठड्याला बांधल्या आणि तडक डॉक्टर बसलिंगप्पांना गाठलं. डॉक्टर छातीवरचं गुलाबाचं फूल सरळ करत होते.

"सर, एक अडचण आहे. वजनं खरी आहेत."

"मग अडचण कसली?"

"पुष्टीराज लेकरांनी नाही खाल्ला. शेळ्यांनी खाल्ला. लेकरं दूध पिली."

डॉक्टरांचा हात फुलावरच थांबला. "कुणाला माहीत आहे?"

"सहा बायांना."

"बाया बोलणार नाहीत. रामकिशन, शास्त्रात निरीक्षण महत्त्वाचं. शेळीला डबा खाताना तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही, सर."

"मग तुम्हाला काहीच माहीत नाही." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशावर दोन बोटं वाजवली. आत कागद कुरकुरला. "जा, बसा. पंख्याखाली बसा, घामेजलात."

रामकिशन बसला. पंखा फिरत होता, घाम थांबत नव्हता. टंचाईचे साहेब आले, नारळ फुटला, डॉक्टरांनी बालपोषणावर वीस मिनिटं भाषण केलं आणि त्यात पुष्टीराजचं नाव सतरा वेळा घेतलं. मग सहा लेकरं रांगेत उभी केली. गालांवर तजेला, पोटं सपाट, एक तर फलकाची झालर चघळत होतं. साहेबांनी कौतुकानं एकाच्या गालाला हात लावला. चाळीस तज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या. रामकिशनला वाटलं, अजून दहा मिनिटं. दहा मिनिटं तोंड मिटून बसलं की संध्याकाळच्या गाडीनं भोकर.

"आता हे कालवायचं किती सोपं आहे ते बघा," गुप्ते म्हणाले. त्यांनी डबा उचलला आणि झाकण उचकटायला चमचा कडेवर मारला. टण्. टण्. टण्.

वाडीत सहा महिने रोज दोन वेळा शेळ्यांच्या कानावर हाच आवाज पडला होता. बाहेर एकदम बेंबाटा झाला. कठडा नवा होता; म्हणजे सिमेंट कमी आणि रंग जास्त. तो दाव्यांसकट उपटून आला. सहा शेळ्या कठडा फरफटत सभागृहात शिरल्या, मधल्या वाटेनं सरळ व्यासपीठावर गेल्या. मनोरा कोसळला. कोंडाबाईच्या शेळीनं पुढचे पाय गुप्त्यांच्या छातीवर ठेवून त्यांच्या हातातला डबा पालथा केला. बाकीच्यांनी मुंड्या खाली घातल्या आणि चाटायला सुरुवात केली. हाड् हाड् करणारे तज्ज्ञ पुष्कळ होते, पण शिंगाला हात घालायला एकही पुढं होईना.

टंचाईचे साहेब खेड्यातून आलेले असावेत. ते हसले नाहीत. ते शेळीच्या भरलेल्या कासेकडं बघत राहिले. "बाई," त्यांनी नागुबाईला विचारलं, "शेळ्यांना ह्या डब्याची सवय दिसते?"

"डबा संपला, साहेब," नागुबाई म्हणाली आणि रामकिशनकडं बघितलं.

मग सगळ्यांनीच रामकिशनकडं बघितलं. डॉक्टरांचा हात पुन्हा खिशावर गेला. रामकिशन उठला.

"साहेब, वजनं खरी हायत. लेकरांनी शेळीचं दूध पिलं. पुष्टीराज शेळ्यांनी खाल्ला. लेकरांना दिला तवा जुलाब झाले. सोमवारी बालवाडीत देऊ नका."

गुप्ते ओरडले, "हा माणूस विकला गेलाय!"

"कुणाला?" साहेबांनी विचारलं. "शेळ्यांना?"

पंधरा मिनिटांची विश्रांती जाहीर झाली. बंद दाराआडून गुप्त्यांचा आवाज येत होता: "माल तीन महिन्यांत मुदतीबाहेर जाईल! मग केंद्राची इमारत विसरा. उटीचं अधिवेशन विसरा. बासुंदी पण उचलतो!" मग बराच वेळ डॉक्टरांचा हलका आवाज. मग कुणीतरी पेन मागितलं.

डॉक्टर बसलिंगप्पा बाहेर आले तेव्हा फूल पुन्हा सरळ होतं.

"मित्रहो, विज्ञान म्हणजे खुलेपणा. आज आपल्या डोळ्यांदेखत एक नवा शोध लागला आहे. पुष्टीराज हा शेळ्यांच्या दूधवाढीसाठी अत्यंत गुणकारी आहार असल्याचं परिषद एकमतानं प्रमाणित करत आहे."

चाळीस तज्ज्ञांनी हात वर केले. त्यांतल्या एकानंही आयुष्यात शेळी पाळली नव्हती. साहेबांनी डायरी काढली. चारा मिळतच नव्हता, त्याचं काय करायचं हे त्यांना रोज वरून विचारलं जात होतं. आठ हजार डबे त्यांनी चाऱ्यात मंजूर केले. गुप्त्यांच्या कोटावर शेळीचे दोन खूर उमटले होते, तरी ते हसत होते.

"आणि लेकरांचं काय?" रामकिशननं मागून विचारलं.

"त्यावर आपण समिती नेमली आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या नेमणुकीचा विषयही तिच्याकडेच सोपवलाय. घाई बरी नव्हे." आणि ते जेवायला गेले.

परतीच्या टेम्पोत शेळ्या तेवढ्या तृप्त होत्या. औशाच्या पुढं गेल्यावर नागुबाईनं विचारलं, "शेळ्यायचं तर झालं. लेकरायसाठी काय मंजूर केलं म्हनं?"

"समिती."

"आन् तुझ्यासाठी?"

"तीच."

नागुबाईनं मांडीवरच्या नातवाच्या तोंडावरची माशी हाकलली. "समिती म्हंजी ती खायाची आस्ती का पियाची?"

"खायाची हाय, मावशी," रामकिशन म्हणाला. "पन खानारे दुसरे हायत."