कॅप्टन साळव्यांचं उतरणं

घनसावंगीच्या जीपमध्ये बसण्याआधी कॅप्टन साळवे जीपभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. चारही टायर दाबून बघायचे, वाकून खाली तेल गळतंय का ते पाहायचे आणि मगच आत शिरायचे. तोवर आत कोंबलेली माणसं घामाने भिजून त्यांच्या नावाने बोटं मोडत असायची.

"कॅप्टन, जीप हाय ही, इमान न्हाई!" ड्रायव्हर ओरडायचा.

"मरायला दोन्ही बराबर," कॅप्टन शांतपणे म्हणायचे.

परतूरला आमची भिंतीला भिंत. साळवे घनसावंगीकडच्या एका मास्तरांचे चिरंजीव. ते वैमानिक झाले तेव्हा वस्तीने विहारापासून त्यांची मिरवणूक काढली होती म्हणे. लहान विमानांवर पोरांना शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग सुमनवहिनींना अर्धांगवायू झाला. साळव्यांनी नोकरी सोडली, बायकोला घेऊन परतूरला आले आणि भावाच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसू लागले.

बसू लागले म्हणजे शरीराने. धुणं वाळत घालण्याआधी हे चिमूटभर माती उडवून वारा बघणार. कपाशीचं बी मागायला आलेल्या गिऱ्हाईकाला सांगणार, "वर चढायला काय, धूर बी चढतो. उतरणं शिकावं लागतं!" गिऱ्हाईक बिचारं मान हलवून शेजारच्या दुकानात जायचं.

वहिनींना खुर्चीतून उचलून पलंगावर ठेवतानाही त्यांचं चालूच असे. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "हळू... अजून हळू... हां, टेकलो." आणि वहिनींचं अर्धवट फुटणारं हसू. ते हसू ऐकलं की आमची ही हातातलं काम थांबवायची.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. पलीकडचा आवाजच बंद झाला. दुकानातही कॅप्टन गप्प बसून असत. एके दिवशी सकाळी मात्र दाढीबिढी करून माझ्या दारात उभे.

"साहेब, मी परत उडून राह्यलो."

"या वयात?"

"डॉक्टरनं पास केलं. कायदा बी न्हाई म्हणत न्हाई. मंग?"

खरंच गेले. रेल्वेने लांबच्या एका धावपट्टीवर जाऊन राहिले. सोबतीला शिक्षक घेऊन सराव केला. शिक्षक त्यांचा मुलगा शोभेल एवढा तरुण, पण त्याला 'सर' म्हणायचे. एकट्याने उडायचा दिवस ठरला तसं मला बोलावून घेतलं. "कोणीतरी आपलं माणूस असावं खाली," एवढंच म्हणाले.

मी कुंपणापाशी उभा होतो. विमान झकास वर गेलं, डौलात वळलं आणि धावपट्टीच्या सरळ रेषेत खाली येऊ लागलं. "बरोबर येतायत," शेजारी उभा असलेला शिक्षक म्हणाला. मग एकदम, "अहो, फार उंचावरच सरळ केलं!" जमिनीला टेकायच्या आधीच विमानातला जोर गेला. ते धपकन आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. पुढचं चाक मोडलं, पंखा जमिनीवर घासून वाकला आणि विमान तिरकं होत गवतात जाऊन थांबलं. आम्ही धावलो. आमच्या आधी मोबाईल घेऊन माणसं पोचली होती.

गळ्याखालचं हाड मोडलं, हनुवटीला टाके पडले. जीव वाचला. दवाखान्यात मी उगाच धीर द्यायला म्हणालो, "एवढ्या वर्षांनी हात विसरणारच."

"हात न्हाई विसरले, साहेब." ते छताकडे बघत बोलू लागले. "नोकरीत होतो तव्हा, खाली आलो की सुमनला फोन करायचो. 'उतरलो.' बस, तेवढंच. ती म्हणायची, 'बरं.' आज धावपट्टी समोर आली, अन् डोक्यात आलं, आता कोणाला करायचा? त्या शिक्षकाचा बिलकुल दोष न्हाई. मीच तिथं नव्हतो."

मी पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला.

सुट्टी मिळाल्यावर आम्ही परतीच्या गाडीत बसलो. हात गळ्यात बांधलेला, हनुवटीला पट्टी. सेलूची की जालन्याची, कुठलीशी बाई विचारत होती, "मोटारसायकलवरून पडलात का?" कॅप्टन म्हणाले, "हौ." विमान म्हणाले नाहीत. मला ते ऐकवेना.

तेवढ्यात आमच्या हिचा फोन आला. कुठवर आलात, जेवायचं काय, वगैरे. मग म्हणाली, "साळवेभाऊंना द्या जरा."

मी फोन त्यांच्या धड हातात दिला. ती पलीकडून बोलत होती, हे नुसते ऐकत होते. घर झाडून ठेवलंय, पाणी भरलंय, आजपासून दोन्ही वेळचं जेवण इकडेच, असलं काहीतरी असावं. शेवटी तिने काय विचारलं ते मला कळलं नाही.

"भात चालंल, ताई," कॅप्टन म्हणाले. "जरा मऊ करा. चावता येईना."

फोन माझ्याकडे देऊन त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, ते परतूर येईपर्यंत.