तुपाची वाटी आणि दोन करार

धारच्या एका लग्नात मी आमच्या देवासच्या बास्केटबॉल क्लबाचं गुपित धारच्याच क्लबाच्या सेक्रेटरीला सांगून बसलो. पंगतीत तो शेजारी होता, जिलेबी गरम होती, आणि तोंडात काही नसलं की मला गप्प बसवत नाही. असलं तरी नाही.

गुपित एवढंच, की आमचे अंकित आणि गोलू, दोघेही वीस वर्षांचे, दोघांचे करार गुढीपाडव्याला संपणार आणि नानांनी ते अजून वाढवलेले नाहीत.

नाना माझे शेजारी. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर, क्लबाचे कोच, आणि खेळाडूला मैदानावर न पारखणारे बहुधा जगातले एकटेच. दर रविवारी ते स्वतः दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि तुपात भिजवायचे कणकेचे भाजके गोळे, करतात, खेळाडूंना जेवायला बोलावतात आणि तुपाची वाटी मुद्दाम एका टोकाला ठेवतात. मग नुसते बघत बसतात. कोण वाटी न मागता पुढे सरकवतो, ते वहीत टिपतात. "मैदानात पास सगळेच देतात, भिया, मी ओरडत असतो ना. बाफल्यावर देतो तो खरा."

मीही एकदा त्या परीक्षेला बसलो होतो. निकाल त्यांनी सांगितला नाही. वाटी माझ्यासमोरून उचलून खिडकीत ठेवली.

अंकित आणि गोलू पहिल्याच रविवारी पास झाले. कमिटी म्हणाली, करार आत्ताच दोन वर्षांनी वाढवा, नाहीतर पोरं उडतील. मी, कमिटीतला सर्वांत हुशार सभासद, म्हणालो की इतक्या लवकर वाढवले तर ढिली पडतील. नानांचं दोन्ही पक्षांना एकच उत्तर, "अजून एक रविवार पाहू." रविवार पाहता पाहता थंडी सरली.

लग्नानंतर चारच दिवसांत धारवाले कागद घेऊन पोरांकडे हजर.

रविवारी मी गुन्हा कबूल करायला नानांकडे गेलो. पोरं पाटावर बसलेली, धारचा कागद गोलूच्या खिशात. मी सगळं सांगून टाकलं. नाना उठले आणि देवघरातून दोन करार घेऊन आले. वाढवलेले, नानांची सही असलेले. तारीख दिवाळीच्याही आधीची.

मग दिले का नाहीत, म्हणून मी विचारलं.

नाना बाफला कुस्करत राहिले. "दिले असते तर परीक्षा संपली असती. मग रविवारी कशाला येतील?"

मांडणीवर एकट्या राहणाऱ्या नानांची आणखी सहा ताटं होती. सहाही घासूनपुसून लख्ख.

गोलूने खिशातला कागद काढला, चौपदरी घडी घातली आणि डाळीच्या गरम पातेल्याखाली सरकवली. "धारवाल्यांनी नवे बूट दाखवले, नाना. जेवलास का, हे काही पूछलं नाही. तुम्ही करारात रविवार लिहा."

"आणि तूप," अंकित म्हणाला.

नानांनी दोन्ही लिहिलं. मला भरून आलं, आणि भरून आलं की मला भूक लागते. मी बाफल्यावर तूप घेतलं, आणखी घेतलं.

नानांनी कागदातून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पोरांना म्हणाले, "याचा करार कधी वाढवू नका रे. वाटी परत याच्यापाशीच अडकलीय."