टॅपेटची टिकटिक

आमचे शेजारी अण्णा इंजिनाला कान लावून बसतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानात दाबायची आणि डोळे मिटायचे. अशा वेळी तुम्ही काही विचारलंत तर ते नुसता हात वर करतात. आत कोणी बोलत असावं आणि आपण मध्येच तोंड घातलं असावं, असं वाटून आपणच ओशाळतो.

गाडी जुनी, पाठीवर फुगलेली, कासवासारखी. मुंबईच्या गॅरेजात जन्म काढून अण्णा आणि त्यांची बायको, म्हणजे आमची काकी, याच गाडीतून आचऱ्याला परतले. वाडीने हौसेने पुढचं बॉनेट उघडायला लावलं, तर आत नारळ. इंजिन मागे असतं आणि ते पाण्याशिवाय नुसत्या वाऱ्यावर थंड होतं, हे आमच्या लोकांना पटायला वर्ष गेलं.

काकी गेल्यावर गाडी वर्षभर उभी राहून जाम झाली. वर्षश्राद्ध आटोपताच अण्णांनी इंजिन उतरवून पडवीत घेतलं. काकीच्या जुन्या नऊवारीवर चार सिलिंडर, पिस्टन आणि नटबोल्ट पंगतीसारखे मांडले. तीन महिन्यांनी जोडून सुरू केलं, तर ते लोण्यासारखं चाललं. मी टाळी द्यायला हात पुढे केला. अण्णांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी पंगत पुन्हा नऊवारीवर.

असं चारदा झालं. दर वेळी एक वायसर उरायचा, तो ते देव्हाऱ्यात ठेवायचे. शेवटी मी चिडलोच. चांगलं चाललेलं मोडता कशाला?

"बरा चलता मास्तर, म्हणानच ता चुकीचा आसा," ते म्हणाले. "गावपळणीआधी तिचो जुनो आवाज येऊक व्हयो."

गावपळण म्हणजे देवाचा कौल झाला की गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन सगळ्यांनी वेशीबाहेर झोपड्यांत राहायचं. तीन दिवस गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. तेवढे दिवस गाव गेलेल्या माणसांचं, असं जुनी माणसं सांगतात. मी शाळामास्तर, मी हे हसण्यावारी नेतो. पण वेशीवरून मागे वळून बघत मात्र नाही.

अण्णा गाडीसकट वेशीबाहेर आले. आवाज अजून जमला नव्हता. तीन दिवस जेवणात लक्ष नाही, पत्त्यांत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काजूच्या झाडाखाली त्यांनी एकाएकी इंजिनावरचं झाकण काढलं आणि झडप दाबणारा एक टॅपेट केसभर सैल केला. दहा मिनिटांचं काम. चाळीस वर्षं टॅपेट नीट बसवलेल्या हाताला एक सैल सोडायचं सुचलंच नव्हतं. गाडी सुरू झाली आणि आतून तीच जुनी बारीक टिकटिक ऐकू आली. अण्णा पांढरेफटक पडले.

संध्याकाळी कौल मिळाला आणि आम्ही परत निघालो. पुढे अण्णांची गाडी, मागे बैल, टोपल्या, अख्खी वाडी. त्यांच्या घराआधीच्या वळणावर गाडी थांबली, इंजिन चालू. मागची माणसं कुरकुरायला लागली, म्हणून मी खिडकीशी गेलो.

"वायच थांबा," अण्णा हळूच म्हणाले. "हय टिकटिक आयकली काय ती चायचा आधण ठेयता. उठूक वेळ लागता तिका, गुडघे दुखतत."

मी मागे येऊन लोकांना नुसता हात केला. सगळे गप्प झाले, कोंबड्यासुद्धा. मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती. समोरच्या बंद घराच्या कौलांतून धूर नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण चहातल्या आल्याचा वास आला. आणखी कोणाला आला का, ते मी अजून विचारलेलं नाही.

थोड्या वेळाने अण्णांनी गाडी दारापर्यंत नेली आणि इंजिन बंद केलं. मग ग्रीसचे हात फडक्याला पुसले, चपला बाहेर काढल्या आणि कुलूप उघडण्याआधी दारावर हलकेच टकटक केली.