इंजिनाशी मराठीत बोलणारे सेतुराव

सेतुरावांनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. कसं, ते मागून. कुंभकोणमजवळ गोविंदपुरम्‌च्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. तंजावरच्या मराठी राजांच्या काळी इकडं आलेल्या घराण्यातला हा सत्तरीचा मिस्त्री माणसांशी तमिळ बोलतो आणि इंजिनाशी मराठी.

मी सांगोल्याचा. आठवीत शाळा सोडून गाडीवर लागलो. एकट्यानं ट्रक घेऊन यायची ही माझी पहिलीच खेप, मागे डाळिंबं. मालकानं बजावलं होतं, "माल नासला तर परत स्टेअरिंगला हात लावायचा नाही." आणि कुंभकोणम हाकेवर आलं असताना गाडी धक्के खाऊ लागली, खोकली, बंद पडली. सेल मारला की नुसती गरगरायची. शेवटी एका चहावाल्यानं सेतुरावांना बोलावलं.

ते सायकलवरून आले. मी मोडक्या हिंदीत सांगायला लागलो, तर त्यांनी स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं. बॉनेट उघडलं, इंजिनावर तळहात टेकला आणि डोळे मिटून म्हणाले, "काय जाहलें, बाई? मज सांग."

एवढ्या लांब मराठी! तेही आजोबांच्या पोथीतून उठून आल्यासारखं.

"काका, मी सांगतो ना, सकाळपासून—"

"तूं उगा राहा, तंबी. आधी आजाऱ्याचें ऐकावें. नातलगाचें मागाहून."

भाताच्या खाचरांवर ऊन पेंगत होतं. बगळेसुद्धा हलत नव्हते. त्यांच्या खुणेसरशी मी सेल मारायचो, ते कान लावायचे, मग पुन्हा सगळं गप्प. थोड्या वेळानं मलाही वाटायला लागलं, इंजिन खरंच काहीतरी पुटपुटतंय.

"धूर नाहीं," ते म्हणाले. "म्हणजे जेवणच पोचत नाहीं." डिझेलच्या पाइपावर बोट फिरवत ते टाकीपर्यंत गेले आणि थबकले. "हें कोणी केलें?"

टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी, वरून जुन्या ट्यूबची पट्टी, करकचून आवळलेली.

"मीच. सकाळी डिझेल भरल्यावर. वाटेत चोरतात म्हणून..."

"अय्यो! बाईचें नाक दाबून ठेविलेंस आणि वरती धाव म्हणतोस?"

त्यांनी पट्टी कापली, झाकण सैल केलं. टाकीनं मोठ्ठा श्वास आत ओढला. झाकणातल्या बारीक भोकातून हवा आत गेली तरच डिझेल पुढं सरकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग हातपंप मारून त्यांनी पाइपातले बुडबुडे काढले. तिसऱ्या सेलला इंजिन लागलं. मी पायाच पडलो.

"निघतो काका. माल उतरवायचाय."

"निघ, निघ. कोठला तूं? तिकडे पाऊस कसा? घरीं कोण कोण?" एक हात दाराला धरूनच होता. मी उत्तर दिलं की माझे शब्द ते हळूच पुन्हा म्हणून बघायचे.

"घरीं तमिळच चालतें," ते म्हणाले. "पोरांस मराठी समजतें, बोलत नाहींत. बायको होती तोंवर बोलणें होतें. चार वर्षें जाहलीं. आतां हींच," म्हणून त्यांनी बॉनेटवर थोपटलं. "ऐकतात तरी."

हात काढून घेतला, तोंड फिरवलं. "जा. डाळिंबें वाट पाहतील."

माल वेळेत उतरला. मजुरी सेतुरावांनी घेतलीच नाही. पण फेडणार आहे मी. पुढची खेप मिळू दे, आईला शेजारी बसवून आणतो. आमची आई एकदा बोलायला लागली की अख्खी गल्ली दारं लावून घेते. चांगली आठवडाभर ठेवतो तिला सेतुरावांकडे.