अनोळखी ड्रायव्हर आणि हयातीचा दाखला

देशातले सगळे कॉम्प्युटर सुरक्षित करायचे आणि सुरुवात घरापासून करायची, असं बुद्धभूषणने तीस नोव्हेंबरला सकाळी साडेनऊ वाजता ठरवलं. फिनलंडहून कॉम्प्युटर-सुरक्षेची पदवी घेऊन तो दोनच महिन्यांपूर्वी मयूर विहारच्या घरी परतला होता, तिथली नोकरी नाकारून. (ती अजून कुणी देऊ केली नव्हती, पण केली असती, तर त्याने नक्की नाकारली असती.)

बाबांच्या कॉम्प्युटरवर त्याने सगळ्यात कडक सेटिंग चालू केली. लगेच पडद्यावर सूचना झळकली: ‘एफपीझेड-३२’ नावाचा ड्रायव्हर अडवला आहे.

“आई!” तो ओरडला. “आपल्याकडे अनोळखी ड्रायव्हर घुसलाय! कधीपासून बसलाय कोण जाणे. सिक्युरिटीने ब्लॉक केलाय!”

लीलाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. “कुठल्या ब्लॉकमध्ये?”

“ब्लॉकमध्ये नाही गं! ब्लॉक केलाय. आत येऊ देत नाहीये.”

“अच्छा, मग बरं झालं,” म्हणत त्यांनी इंटरकॉम उचलला आणि गेटवरच्या नरसिंहला बजावलं, “भैया, कोई अनजान ड्राइवर अंदर नहीं आना चाहिए.”

इकडे तपास जोरात होता. ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारा प्रोग्राम; पण याच्या फाइलवर बनवणाऱ्याचं नाव नाही. डिजिटल सहीची मुदत संपून सहा वर्षं झालेली. आणि एफपी म्हणजे? फॉरेन पॉवर! बुद्धभूषणच्या अंगावर काटा आला. देशासाठी एवढं तरी करायलाच हवं, म्हणून त्याने ती फाइल कायमची उडवून टाकली.

तेवढ्यात बाबा, म्हणजे भाऊराव, अंगठा टॉवेलला पुसत पुसत आले. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं फाइली उलटून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आज शेवटचा दिवस. त्यांनी अंगठा घेणारं छोटं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. त्यातला लाल दिवा लागेना.

“काल माझा अंगठा याला पटत नव्हता, पण दिवा तरी लागत होता. आज काय झालं?”

एफपीचा अर्थ बुद्धभूषणला आत्ता लागला. फिंगरप्रिंट.

त्याने चाचरत कबुली दिली. भाऊराव शांतपणे म्हणाले, “म्हणजे संध्याकाळपर्यंत मी सरकारच्या लेखी गेलो.”

“अहो, असलं काय बोलता!” लीलाबाई धावत आल्या.

“मी कुठे बोलतोय? तुझ्या मुलाने करून दाखवलंय.”

बँकेत जाऊनही दाखला देता येत होता, म्हणून तातडीने कॅब बोलावली. दहा मिनिटांनी इंटरकॉम वाजला. नरसिंहच्या आवाजात कर्तव्यपूर्तीचा आनंद होता: “मैडम, वो अनजान ड्राइवर आया था. हमने भगा दिया!”

पुढची कॅब चाळीस मिनिटं दाखवत होती.

भाऊराव खुर्चीत बसले. “भूषण, अनोळखी फाइल टेबलावर आली की आम्ही काय करायचो, माहीत आहे? आधी विचारायचो, ही कुठल्या सेक्शनची? मग तिकडे पाठवायचो. फाडून नाही टाकायचो.” आणि त्यांनी ते यंत्र उलटं केलं. खाली चिकटपट्टीवर कंपनीचं नाव आणि मॉडेलचा नंबर स्पष्ट छापलेला होता.

बुद्धभूषण मुकाट्याने त्या कंपनीच्या वेबसाइटवर गेला. तिथे नवा ड्रायव्हर होता. त्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं आणि सहीची मुदतही शाबूत होती. कडक सेटिंगनेही त्याला हू की चू न करता आत घेतलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि लाल दिवा लागला.

पहिल्यांदा अंगठा जुळला नाही. दुसऱ्यांदाही नाही. लीलाबाईंनी पदराने तो अंगठा खसाखसा पुसला, “नीट दाबा हो, आता काय मुहूर्त बघताय?” म्हणून दटावलं, आणि तिसऱ्यांदा तो जुळला. भाऊराव जिवंत असल्याची नोंद झाली.

बुद्धभूषणला भरून आलं. “बघितलंत बाबा? सुरक्षा आणि सोय एकत्र नांदू शकतात! हाच विचार घराघरांत...”

“थांब, फॉर्म राहिलाय.” भाऊराव वाचू लागले. “पुन्हा नोकरी धरली का? नाही. पुनर्विवाह केला का?”

“त्यात एवढं थांबण्यासारखं काय आहे?” लीलाबाईंनी विचारलं.

“नाही,” भाऊरावांनी घाईघाईने टाइप केलं. “अवलंबून असलेल्या व्यक्ती? एक.”

“एकच? आणि मी?”

“तू कसली अवलंबून? उलट आम्ही दोघं तुझ्यावर अवलंबून.”

लीलाबाई खूश होऊन मेथीकडे परतल्या. बुद्धभूषणने मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं. बाबांनी एका बोटाने, एकही चूक न करता टाइप केलं होतं: बुद्धभूषण, वय सत्तावीस, एम.एस., फिनलंड.